शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणतीही नवी वस्तू माझ्या पायाखालून गेल्याशिवाय कामाला लागत नाही. नवी गाडी असो, दुरुस्त होऊन आलेला क्लच असो, की पेडलावरचे साधे रबर असो. मी ते आधी चप्पल काढून अनवाणी पायाने दाबून पाहते आणि मग चप्पल घालून. हाताला सवय लागते, डोळा चकाकीवर भाळतो. तळपायाची मात्र अशी समजूत घालता येत नाही. हा नियम माझा आहे आणि तो मोडण्याची छाती आजवर कोणाला झालेली नाही. म्हणूनच सूनबाईने समोरच्या खोलीत तो भलामोठा खोका आणून ठेवला, तेव्हा उघडण्याआधी तिला माझ्यापाशी यावेच लागले.

"अहो आई, नुसतं बघायचंय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत. नको वाटलं तर दुकानदार परत घेईल. खोका तेवढा फाटता कामा नये."

"आहे काय त्यात?"

"स्टीअरिंग आणि पेडलं. कॉम्प्युटरला जोडायची. शर्यतीचे खेळ खेळतात ना, त्यातली. पण अगदी पोरखेळातली नाहीत, आणि त्या शर्यतवेड्यांची महागडीही नाहीत. मधली."

"मधली," मी म्हणाले. "म्हणजे ना धड इकडची, ना धड तिकडची."

"आई, आधी हात तर लावा. मग नावं ठेवा."

सूनबाईला आडपडदा ठाऊक नाही. हा तिचा गुण मला आवडतो, हे मी तिला अर्थातच कधी सांगितलेले नाही. तिने त्याच वेळी सगळा बेत माझ्यासमोर मांडला. यंत्र पसंत पडले तर असे आणखी दोन संच घ्यायचे. नव्या शिकाऊंचे सुरुवातीचे सगळे धडे याच खोलीत, यंत्रावर. दोन गाड्यांपैकी मोठी, जुनी विकून टाकायची. धाकट्या गाडीत शेजारच्या सीटवर ती स्वतः बसणार, आणि मी इथे.

"इथे म्हणजे?"

"पंख्याखाली. खुर्चीत बसून शिकवायचं. कंबर बघा तुमची, आई. गाडीतून उतरताना दाराला धरून उभ्या राहता, मला दिसत नाही का?"

आमच्या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. माझ्या पायाखालच्या पेडलापासून एक लोखंडी दांडी निघते आणि शिकणाऱ्याच्या पेडलाला जाऊन मिळते. मी ब्रेक दाबला की त्याचेही पेडल खाली जाते. यजमान गेले त्या वर्षी मी त्या सीटवर बसले, आणि या वस्तीतले निम्मे डॉक्टर, वकील, दुकानदार तिथूनच रस्त्याला लावले. ती सीट म्हणजे माझे सिंहासन आहे, असे दीर गमतीने म्हणतात. मला त्यात गंमत कधी वाटली नाही.

थोडक्यात, परीक्षा यंत्राची होती, परीक्षक मी होते, आणि यंत्र पास झाले तर जागा माझी जाणार होती. दुसऱ्या कोणी हे काम माझ्यावर सोपवले असते तर मी त्याला वेडा म्हटले असते. पण चांगल्या वस्तूला मी कधी नापास केलेले नाही, हे सूनबाईला पक्के ठाऊक होते. तिने माझ्यावर टाकलेला तो विश्वासच मला सगळ्यात जड गेला.

यंत्र जोडायला दीर आले. गाड्यांची दुरुस्ती तेच बघतात. हात नेहमी काळे आणि तोंड नेहमी चालू. त्यांनी चाक माझ्या टेबलाच्या कडेला शिकंज्यांनी आवळून बसवले, पेडलांची पाटी खाली फरशीवर ठेवली आणि बटण दाबले. त्याबरोबर ते चाक कोणी हात न लावता गरगर एका बाजूला पूर्ण फिरले, मग दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये येऊन गप उभे राहिले.

"वहिनी, याला तर आधीच येतंय सगळं," दीर म्हणाले. "शिकवायचं कोणाला?"

"भावजी, पाने जागेवर ठेवा आणि बाजूला व्हा."

मी चप्पल काढली आणि बसले.

जे पाहिले ते पाहिले तसेच सांगते. चाक आमच्या गाडीच्या चाकाहून लहान आहे, पण पकड भरीव; वरचे आवरण चामड्यासारखे, शिवण आतल्या बाजूला, बोटांना टोचत नाही. आत मोटार आहे आणि तिची ओढ पट्ट्यावरून चाकापर्यंत येते, त्यामुळे वळणावर चाक हाताला खेचते. खड्ड्यात गेले की थरथरते. ती थरथर खरी वाटते. मात्र अगदी मधोमध, सरळ रस्त्यावर, हाताला काहीच लागत नाही; दोन बोटांएवढी पोकळ जागा आहे, जुन्या गाडीचे स्टीअरिंग झिजल्यावर होते तशी. बराच वेळ चालवले की मोटार तापते, आतला पंखा घोंघावतो आणि ओढ मंदावते. क्लच तर क्लच म्हणण्याच्या लायकीचा नाही. वरपासून खालपर्यंत एकच स्प्रिंग. गाडी कुठे उचल खाते ते पायाला कळतच नाही. आणि पेडलांची पाटी गुळगुळीत फरशीवर पुढे पुढे सरकत जाते. जरा जोर लावला की पेडले भिंतीकडे निघाली.

"इंडिकेटर कुठे आहे?" मी विचारले.

"नसतो, आई. शर्यतीत कोण इंडिकेटर देतं?"

"इतकी बटणं आहेत, रेडिओच्या दुकानासारखी, आणि इंडिकेटर नाही?"

पडद्यावरच्या रस्त्यावर मी माझ्या वेगाने गाडी चालवली. मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. दीर मागे उभे राहून हसत होते.

"वहिनी, शर्यत आहे ही. तुम्ही भाजी आणायला निघाल्यासारख्या चालल्या आहात."

"पुढे गेलेल्यांतले दोघे त्या वळणावर उलटे पडलेत, ते बघा आधी."

राहिला ब्रेक. त्याच्याविषयी मी मुद्दाम शेवटी बोलते आहे, कारण तेव्हाही मी तो शेवटीच तपासला. पेडलाच्या मागे रबराचा जाड ठोकळा आहे. पाय ठेवला की किंचित मऊ लागतो, आणि मग घट्ट. पुढे पेडल फारसे हलत नाही, फक्त जोर वाढवत न्यायचा. मी अनवाणी पायाने दाबला, मग चप्पल घालून दाबला, मग पुन्हा अनवाणी. आमच्या धाकट्या गाडीच्या ब्रेकशी त्याचा फरक सांगता येईना. तो ब्रेक बरोबर होता. त्या सगळ्या संचात निर्विवाद बरोबर असलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि मी तिच्याबद्दल कोणाशी चकार शब्द काढला नाही.

पुढचे सगळे दिवस मी तेच केले. सकाळी गाडीत शेजारच्या सीटवर. "क्लच सोडा, हळू, आणखी हळू" हे शब्द आता माझ्या तोंडून मी न बोलताच बाहेर पडतात. दुपारी यंत्रापुढे, दोष हुडकत. दोष सापडत होते, खरे होते, आणि तरीही संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसले की आपण दिवसभर कोणाचे तरी वजन वाहून आणल्यासारखे खांदे दुखायचे. सूनबाई काही विचारत नव्हती. खोका तिने कुठे दुमडू न देता कपाटाच्या मागे उभा करून ठेवला होता. येता-जाता तो मला दिसेल असा.

शनिवारी दुपारी मी निर्णय सांगून टाकला.

"पोकळ चाक, खोटा क्लच, सरकती पेडलं. दुकानदाराला सांग, माल घेऊन जा."

सूनबाईचा चेहरा पडला, पण आवाज नाही. "बरं. आणि ब्रेक?"

"ब्रेकचं काय?"

"ब्रेकबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत."

तेवढ्यात दारात सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे आमच्याकडे शिकणाऱ्या एक परिचारिका. रुग्णालयात भल्या पहाटेच्या पाळीला पोचायला दुसरे साधन नाही, म्हणून गाडी शिकतात. हात उत्तम, नजर उत्तम, पण परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास. परीक्षेची गाडी सरकारी कार्यालयाची. तिला शेजारी दुसरा ब्रेक नसतो. दोन्ही वेळा गाडी थांबण्याच्या रेघेवरून पुढे गेली. परीक्षक अंगावर ओरडतो म्हणून त्या बावरतात, असे माझे मत होते आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवले होते.

"आज धडा होणार नाही," मागून दीर म्हणाले. "धाकटीचं चाक उघडून ठेवलंय मी, आणि मोठी बाहेर गेलीय."

"मग सिस्टरना इथे बसवू," सूनबाई म्हणाली. "आई, शिकणाऱ्याचा पाय काय म्हणतो तेही बघायला हवं, असं तुम्हीच म्हणता. खोका भरायच्या आधी एकदा."

माझेच वाक्य होते. नाही म्हणायला जागा नव्हती.

सूनबाईने पडद्यावर शर्यतीचा रस्ता काढून मोकळे मैदान आणले. सरळ रस्ता, शेवटी पांढरी रेघ आणि रेघेपलीकडे रचलेली पिंपे. पेडलांची पाटी सरकू नये म्हणून दिरांनी तिच्यामागे जुने टायर लावले. मी नेहमीप्रमाणे सिस्टरांच्या शेजारी बसले, एका उंच स्टुलावर, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

"काकू, इथे तर गाडी ठोकली तरी चालेल ना?" सिस्टर हसत म्हणाल्या.

"ठोकायला कुठेही चालत नाही. निघा."

शिकणाऱ्याला मी नेहमी अहो-जाहो करते. ज्याच्या हाती चाक आहे त्याला अरे-तुरे केले की त्याचा हात कापतो. सिस्टर निघाल्या. क्लच खोटा असूनही त्यांनी गाडी बिनधक्क्याची उचलली, गियर बदलले, सरळ नेली. रेघ जवळ आली. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, ब्रेकवर ठेवला, आणि वाट पाहिली.

माझा पाय फरशीवर दाणकन आपटला.

गाडी रेघेवरून गेली, पिंपे उधळली, चाक सिस्टरांच्या हातात जोरात थडथडले.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "थांबली कशी नाही?"

"पुन्हा," मी म्हणाले.

पुन्हा तेच. पाय बरोबर वेळी ब्रेकवर, मग ती वाट पाहणे, मग माझा तळपाय फरशीवर, मग पिंपे. दिरांचे हसू मावळले. सूनबाईने पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी पट्टी आणली. ब्रेकवर जितका जोर, तितकी ती लाल होत वर चढते. तिसऱ्या खेपेला आम्ही सगळे रस्ता सोडून त्या पट्टीकडेच बघत होतो. ती जेमतेम नखभर लाल झाली.

"काकू, हा ब्रेक बिघडलाय," सिस्टर म्हणाल्या. "केवढा कडक आहे! दगडच. तुमच्या गाडीतला कसा, नुसता पाय ठेवला की खाली जातो. लोण्यासारखा."

सूनबाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत विचारणा नव्हती. तिने खाली वाकून कपाटामागचा खोका ओढायलाही सुरुवात केली होती. मी नुसते "हो" म्हटले असते तर सगळे मिटले असते. ब्रेक बिघडलेला, माल परत, उद्या सकाळी मी माझ्या सीटवर. शिकणाऱ्याचा पायही माझ्याच बाजूने बोलला होता.

मी स्टुलावरून उतरले. चप्पल काढली. सिस्टरांना म्हटले, "जरा पाय घ्या तुमचा," आणि उभ्यानेच, टेबलाला धरून, तो ब्रेक दाबला. पट्टी सरसर लाल होत टोकाला गेली. पाय काढला. पुन्हा दाबला. काय सांगायचे ते मला पहिल्याच दिवशी कळले होते.

"ब्रेक ठीक आहे," मी म्हणाले.

"मग गाडीतला—"

"गाडीतला ब्रेकही असाच आहे. तो लोण्यासारखा लागतो, कारण तुम्ही पाय ठेवता तेव्हा मी माझ्या बाजूने दाबत असते. दांडीनं तुमचं पेडल खाली जातं. तुमचा पाय नुसता त्याच्याबरोबर जातो."

सिस्टरांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे इतके दिवस गाडी मी थांबवतच नव्हते?"

"नाही. मी थांबवत होते."

"आणि मी दोनदा नापास झाले, काकू. मला वाटलं, मलाच काही होतंय. घरी सगळे म्हणाले, नाद सोड. मी सोडणार होते."

अलीकडे माझ्या पायाची चपळाई कमी होत चालली आहे, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. आणि उशीर होऊ नये म्हणून तो दर महिन्याला थोडा आधीच निघू लागला होता. आधी निघणाऱ्या पायाला कोणी दोष देत नाही. गाडी तर प्रत्येक वेळी सुंदर थांबत होती.

"वहिनी," दीर हळूच म्हणाले, "होतं असं. गाडीत कोणाला कळणार?"

"भावजी, माझी बाजू घेऊ नका आता. तो टायर नीट दाबून धरा." मी सिस्टरांकडे वळले. "चप्पल काढा. टाच फरशीला लावून ठेवा. पाय ठेवला म्हणजे ब्रेक लागला नाही. पाय ठेवल्यावर काम सुरू होतं. पेडल हललं नाही तरी जोर वाढवत न्यायचा. त्या लाल पट्टीकडे बघू नका, ती आमच्यासाठी आहे. तुम्ही रेघेकडे बघा."

"आणि नाही थांबली तर?"

"तर पिंपं उडतील. मी काही करणार नाही."

मी पुन्हा स्टुलावर बसले. सिस्टर निघाल्या. रेघ अजून लांब होती, तोच माझा पाय फरशीवरून आपोआप उचलला गेला आणि खाली यायला निघाला. मी त्याला अडवले. गुडघ्यात कळ आली. तो राहीना. त्याला इतक्या वर्षांत कोणी थांब म्हटलेच नव्हते. शेवटी मी दोन्ही पाय वर घेतले, लुगडे सावरले आणि त्या उंच स्टुलावर, लहान मुलीने बसावे तशी, मांडी घालून बसले. पाय माझ्याच वजनाखाली अडकले. आता खाली काहीच नव्हते.

सिस्टरांनी ब्रेक दाबला. जरा लवकर, जरा जास्तच जोरात. गाडीने नाक खाली घातले आणि रेघेच्या बरीच अलीकडे गचका देऊन उभी राहिली. वाईट थांबली. परीक्षकाने भुवया उंचावल्या असत्या. पण थांबली, आणि थांबवणारा पाय ज्याचा त्याचा होता.

"काकू!" सिस्टर ओरडल्या.

"फार अलीकडे. पुन्हा."

त्या पुन्हा गेल्या, आणि पुन्हा. एकदा पिंपे उडाली, एकदा गाडी रेघेवर चाक टेकवून उभी राहिली, आणि मग अशी एक खेप आली की गचका बसलाच नाही. मी सगळा वेळ तशीच बसून होते. कंबर बधिर झाली होती. पाय आपले आहेत की नाहीत तेही कळत नव्हते. पुष्कळ दिवसांनी ते फरशीवर नव्हते, एवढे मात्र कळत होते.

सिस्टर चप्पल घालून, डोळे पुसत, हसत निघून गेल्या. सूनबाई खोक्याशी उभी होती.

"आई, दुकानदाराचा माणूस येईल आता. काय सांगू?"

"चाक मधे पोकळ आहे," मी म्हणाले. "क्लच खोटा आहे. मोटार तापते."

"हो, ते सांगितलंत तुम्ही."

"पेडलांखाली जाड फळी ठोकून घ्या, पाटी सरकता कामा नये. टायर-बियर लावून चालणार नाही. क्लच गाडीतच शिकवावा लागेल, तेव्हा गाडीशिवाय भागेल असं समजू नकोस." मी तिच्याकडे वळून पाहिले. "उद्या सकाळी सिस्टरना गाडीत तू ने. शेजारी तू बस. आणि पाय सीटखाली मागे ओढून ठेव, अगदी गरज पडेपर्यंत. जमेल?"

"जमेल, आई."

"जमणार नाही लगेच. मला कळवत जा."

ती अजून खोक्याचा काठ हातात धरून उभी होती. "मग हा?"

"फाड."

तिने तो फाडला. चांगला मजबूत पुठ्ठा होता, फाटताना मोठा आवाज झाला. दीर पुढे आले, हात फडक्याला पुसत.

"वहिनी, उतरायला हात देऊ?"

"नको," मी म्हणाले. "बसू द्या जरा."